सासूबाईंचं बोलणं अचानक बोबडं झालं, आता ठीक आहेत. तरी आजच न्यायचं का?

मदत हवी आहे, जरा तातडीची.

सासूबाई ६८ वर्षांच्या. रक्तदाब आणि मधुमेह, दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. मघाशी बसल्या जागी त्यांच्या उजव्या हातातून पेला निसटला. काय झालं विचारलं तर शब्द बोबडे आले, तोंड एका बाजूला ओघळल्यासारखं दिसलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. आता त्या व्यवस्थित बोलताहेत आणि "अशक्तपणा असेल, उगाच धावपळ नको" म्हणताहेत.

उद्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का? जाऊबाई अ‍ॅस्पिरिन द्या म्हणतात. रक्तदाब १७०/९५ आहे, रात्रीची गोळी आत्ताच देऊ का? मला फार भीती वाटते आहे.

प्रतिसाद १
ताई, उद्या नको, आत्ता निघा. मी बरीच वर्षं मेंदूविकार विभागात परिचारिका होते. तुम्ही लिहिलंय ते टीआयएसारखं, म्हणजे मेंदूच्या तात्पुरत्या झटक्यासारखं वाटतं. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडतं आणि पुन्हा सुरू होतं, म्हणून माणूस ठणठणीत दिसतो. पण खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. बरं वाटतंय म्हणून घरी थांबलेले रुग्ण दुसऱ्या दिवशी लुळ्या हातापायाने आलेले मी पाहिलेत.

अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका. झटका गुठळीमुळेही येतो आणि रक्तस्रावामुळेही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनमध्येच कळतो. रक्तदाबाची जादा गोळीही नको. रक्त कमी पडलेल्या भागाला त्या दाबाचाच आधार असू शकतो. साखर मात्र लगेच तपासा, ती फार उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात.

जवळचं नाही, तर सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय निवडा. फोन करून विचारा.

धागाकर्ती
साखर १४२ आली. रुग्णवाहिका बोलावली आहे. आई पाणी मागताहेत, देऊ का? वाटेत पुन्हा तसंच झालं तर?

प्रतिसाद १
पाणीसुद्धा नको. गिळण्याचे स्नायू कमजोर असले तर ते श्वासनलिकेत जातं. डॉक्टर गिळणं तपासतील, मग द्या. ओठ ओले करायला हरकत नाही.

पुन्हा झालं तर घड्याळ बघा. त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला लावा, एक साधं वाक्य म्हणवून घ्या. उलटी झाली किंवा शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास त्या शेवटच्या पूर्ण ठीक दिसल्या तिथून मोजतात. म्हणून आजच्या प्रसंगाची वेळही कागदावर लिहून घ्या.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पोहोचल्याबरोबर तेच आधी सांगा.