कॉलरा निघालाय, पण शेजारचे काका नाव द्यायला घाबरतायत. काय करू?

रात्रपाळी:
आमच्या भागात आठवडाभर जुलाब उलट्या चालू आहेत, परवा तपासणीत कॉलरा निघाला. आधी म्हणाले पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या टाका, आता म्हणतात उकळूनच प्या, मग धरायचं कुठलं? आणि शेजारचे काका रोजंदारीवर जातात, त्यांना रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब होतायत, तरी आरोग्यवाले दारात आल्यावर काकूंनी सांगितलं आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी तिथेच उभी होते, काही बोलता आलं नाही. नाव दिलं की घरात बसवतील आणि मजुरी बुडेल ही त्यांची भीती. सरकारकडे अशा वेळी मागायचं तरी काय?

दवाखान्यातली:
आधी काकांना ओआरएस सुरू करा, बाकीचं नंतर वाचा. कॉलऱ्यात अंगातलं पाणी निघून जातं आणि माणूस काही तासांत हातचा जाऊ शकतो. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, त्याहून जास्त मीठ नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत घोट घोट द्या. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, गुंगी आली किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली तर तडक दवाखाना, तिथे सलाईन लागेल. जुलाब थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक मनाने देऊ नका.
पाण्याच्या दोन्ही सूचना बरोबर आहेत. गढूळ पाण्यात क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं, तेव्हा उकळणं भरवशाचं, खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट. स्वच्छ पाण्यात गोळी टाकली तर ३० मिनिटं थांबा. आणि उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला भरू नका हो, सगळी मेहनत तिथेच वाया जाते, लांब दांड्याची पळी ठेवा.

जुनी_खिडकी:
काकूंना एक सांगा, कॉलरा शेजारी बसल्याने होत नाही, शौचातले जंतू पाण्यात नाहीतर खाण्यात गेले की होतो. लागण झालेल्या बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही तरी त्यांच्या शौचातून १ ते १० दिवस जंतू पडत राहतात, म्हणून साबणाने हात सगळ्यांनीच धुवायचे, एकट्या काकांना कोंडून काय होणार.
मागायचं ते लेखी मागा, उपचार आणि ओआरएस फुकट, तपासलेल्या पाण्याचा टँकर, फुटलेल्या पाईपची दुरुस्ती आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई. शेवटचं मागताना लाजू नका. ब्रिटनने सप्टेंबर २०२० मध्ये कोविडमुळे घरी थांबावं लागलेल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पौंड देणं सुरू केलं होतं, कारण पोटाला चिमटा बसत असेल तर कोण नाव देईल?

पाणीवाला:
ओआरएसला साधं समजू नका. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून ठेवलं, ते नातेवाईकच पाजायचे, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं. काकू पण हे करू शकतात.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. काकांनी दोन पेले प्यायले पण कातडी सावकाश बसतेय, गाडी आलीये, नेतोय. काकूंनी स्वतःच नाव सांगितलं आणि मग मजुरीचं विचारलं, आलेल्या ताईंकडे उत्तर नव्हतं. उद्या गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज देतोय, मसुदा कुणी बघून देईल का?