घरातल्या घरात हरवलेला पाळीव साप: तुम्हाला कुठे आणि कसा सापडला? (अनुभव लिहा)

साप त्याच्या काचेच्या टाकीत नाहीये हे कळल्यावर पोटात जो खड्डा पडतो तो ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच माहीत. घरातले बाकीचे घाबरतात तो चावेल म्हणून, आणि पाळणारा घाबरतो तो दारात चेंगरेल, ड्रेनेजमधे जाईल, गारठून मरेल म्हणून. अशा वेळी नेमकं काय करायचं हे एका जागी लिहिलेलं मिळत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. कुठे सापडला, कशामुळे सापडला, कशाचा अजिबात उपयोग झाला नाही, सगळं लिहा. जात आणि साधारण आकार लिहिलात तर दुसऱ्यांना जास्त फायदा होईल. ज्यांचा सापडला नाही त्यांनीही लिहा प्लीज.

मी सुरुवात करते. आमचा कॉर्न स्नेक, तेव्हा पिल्लू होता, करंगळीहून बारीक. जाळीच्या झाकणाला कोपऱ्यात वायर आत घ्यायची खाच असते तिथून गेला. बघितलं तर खरं वाटणार नाही इतकी छोटी फट, पण सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. खोलीचं दार लावून खाली टॉवेल कोंबला आणि मग कपाटं ओढायच्या आधी टाकीच रिकामी केली, कारण पिल्लं भुशात इतकी खोल शिरतात की टाकी रिकामी दिसते आणि साप आतच असतो. आत नव्हता. मग टाकी उचलली तर खाली, हीट मॅट (टाकीला ऊब देणारी विजेची चटई) आणि टेबल यांच्यामधे, चपटा होऊन झोपलेला. नुसती शेपटीची टोकाची नारिंगी पट्टी दिसत होती. ऊब होती, अंधार होता, पाठ आणि पोट दोन्हीकडून दाब होता, सापाला अजून काय हवं.

*

फ्रिजच्या मागे, खाली कॉम्प्रेसरला लागून. बॉल पायथन (अजगराची लहान जात), मोठी मादी. फक्त एक सांगतो, फ्रिज सरकवायच्या आधी टॉर्च टाकून बघा, डायरेक्ट ओढू नका. ती चाकाच्या अगदी शेजारी होती.

*

ताई, छान विषय काढलात. माझ्याकडे बरीच वर्षं कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन दोन्ही आहेत आणि दोघांना शोधायची पद्धत वेगळी असते असं माझं मत आहे. बॉल पायथन जाडजूड, त्याचा कल जमिनीजवळ, बहुतेक वेळा त्याच खोलीत, सोफ्याखाली, बुटांच्या रॅकमागे, कपाटाच्या तळाशी जी पोकळी असते तिच्यात. कॉर्न स्नेक मात्र वर चढतो. पडद्याच्या घड्यांमधे, पुस्तकांच्या मागे, दाराच्या चौकटीवर, माझा एकदा पडद्याच्या रॉडवर लांबच्या लांब पसरलेला सापडला आणि आम्ही सगळे खाली गुडघ्यावर बसून शोधत होतो. (बॉल पायथन चढतच नाही असं नाही हां, तरुण नर तर छान चढतात.)

दुसरं म्हणजे हवामान बघा. घर गार असेल तर साप उबेकडे जाणार, म्हणजे फ्रिजची मागची बाजू, राउटर, टीव्हीचा बॉक्स, गीझर, कॉम्प्युटरचा कॅबिनेट. पण घर तापलेलं असेल तर उलटं, तो गारव्याला आणि ओलाव्याला जातो, बाथरूम, सिंकखालचं कपाट, कमोडच्या मागची जागा. लोक सगळ्या ऋतूत फक्त गरम जागा शोधत बसतात. आणि कमोडचं झाकण बंद, सांडपाण्याच्या सगळ्या जाळ्यांवर काहीतरी जड ठेवा, हे पहिल्या पाच मिनिटांत.

*

मी साप पाळणारी नाही, मिस्टरांचा आहे. त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा. मिल्क स्नेक निसटला तेव्हा हे गावाला गेलेले आणि घरी मी, सासूबाई आणि लहान मुलगी. फोनवर ह्यांनी सांगितलं ते मी अक्षरशः तसंच केलं. सगळी दारं लावली, वॉशिंग मशीन आणि ड्रायर वापरायचा नाही, मागे रेलणाऱ्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही (तिच्या सांगाड्यात साप शिरतो आणि कुणी बसून खुर्ची मागे टाकली की संपलं), चपला बूट झटकून घालायचे. सासूबाईंनी न बोलता त्या खुर्चीवर घरातल्या सगळ्या उशा रचून ठेवल्या म्हणजे चुकूनही कुणी बसणार नाही. त्यांना सापाची प्रचंड भीती आहे तरी त्यांनी हे केलं, हे मी कधी विसरणार नाही.

सापडला मुलीच्या कपड्यांच्या ड्रॉवरमधे. म्हणजे ड्रॉवरमधे नाही, ड्रॉवरच्या मागे. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढल्यावर मागच्या फळीला चिकटून लाल काळं वेटोळं. उघडबंद करत राहिलं असतं तर चिरडला असता. तेव्हा ड्रॉवर आधी हळू, सरळ, पूर्ण बाहेर काढा आणि मग आत हात घाला असं मी प्रत्येकाला सांगते.

*

पिठाची आयडिया खरंच चालते. रात्री झोपायच्या आधी प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर पिठाचा पातळ पट्टा टाकायचा. सकाळी ज्या पट्ट्यावर नागमोडी रेघ दिसेल ती खोली. फार जाड टाकू नका, पातळ थर असला की खवल्यांचा ठसासुद्धा दिसतो. आम्हाला दिशाही कळली कारण रेघेच्या एका बाजूला पीठ पुढे ढकलल्यासारखं जमा झालं होतं. साप बेसिनखाली मिळाला.

*

पीठ चांगलं आहेच, मी त्यात भर घालते. साप मोकळ्या जमिनीतून फारसा जात नाही, भिंतीच्या कडेकडेने जातो. म्हणून कडेने कुरकुर वाजणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या अंथरायच्या, लाइट बंद, पंखा बंद, आणि खोलीत शांत बसून राहायचं. आपला आवाज बंद हवाच असं नाही, पण पाय आपटत फिरू नका, जमिनीतली थरथर त्यांना लगेच कळते आणि मग ते हलतच नाहीत. मध्यरात्रीनंतर कधीतरी पिशवी वाजली. टॉर्च लावला तर भिंतीच्या कडेला डोकं वर करून, जीभ आतबाहेर करत, थांबलेला. मी उचलला तेव्हा त्याचं अंग इतकं थंडगार होतं की मला रडूच आलं. दिवसा शोधून आम्ही सगळं घर उलटंपालटं केलं होतं, आणि हा रात्री आपणहून चालत आला. हे निशाचर प्राणी आहेत, कॉर्न स्नेकची हालचाल संध्याकाळी आणि पहाटे जास्त, बॉल पायथनची रात्री. शोधायची वेळ तीच ठेवा.

*

थर्मल कॅमेरा मागवून कुणी पैसे घालवणार असाल तर थांबा. सापाचं शरीर आजूबाजूच्या तापमानाला येतं. तासन्‌तास एका जागी पडलेला साप त्या कॅमेऱ्यात फरशीसारखाच दिसतो. मी ओळखीच्यांकडून आणून अख्खं घर बघितलं, राउटर दिसला, पाइप दिसले, मांजर दिसलं, साप नाही.

*

दोन प्रसिद्ध घटना इथे लिहाव्याशा वाटतात कारण मला त्यांनी फार धीर दिला होता. २०११ च्या मार्चमधे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधून इजिप्शियन कोब्रा गायब झाला, सगळ्या जगात बातमी, लोकांना वाटलं शहरात फिरतोय. साधारण आठवड्याने तो त्याच सरीसृपांच्या इमारतीत एका अंधाऱ्या कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला सापडला, बाहेर गेलाच नव्हता. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमधे स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातल्या ॲक्वेरियममधून नागराज (किंग कोब्रा) पसार झाला, छतातल्या दिव्याच्या फिटिंगमधून. आधीचा बल्ब इतका तापायचा की साप जवळ जायचा नाही, त्या जागी कमी वीज खाणारा दिवा लावला, तो गार, मग याने डोकं घालून वाट केली. तिथल्या लोकांनी इमारत बंद ठेवली, भिंतींमधे शोधायला एक्स-रे मशीनसुद्धा आणलं, आणि शेवटी आठवडाभराने तो स्वतःच आपल्या जागी परत आला.

आमचा किंगस्नेक हरवला तेव्हा मी हे वाचून टाकी उघडी ठेवली, आत ऊब चालू, पाणी ताजं, आणि टाकीपासून जमिनीपर्यंत एक जाड दोर लावून ठेवला. टाकीत परत आला असं नाही, पण दोराच्या खालच्या टोकाशी ठेवलेल्या खोक्यात मिळाला. खोक्याला छोटं भोक, आत हीट मॅट (थर्मोस्टॅट म्हणजे तापमान आपोआप राखणारं यंत्र, त्याच्यासकट, नाहीतर भाजेल) आणि ओलसर शेवाळ. प्रत्येक खोलीत असं एक खोकं ठेवा, शोधण्यापेक्षा बोलावणं सोपं आहे. फक्त घरात दुसरे साप असतील तर त्यांच्या टाक्या नीट बंद आहेत ना ते आधी बघा. किंगस्नेक दुसरे साप खातो.

*

कृपा करून एक गोष्ट. उंदरांसाठी चिकट पुठ्ठे लावलेले असतील तर साप हरवल्याक्षणी सगळे उचला. आणि साप पकडायला म्हणून चिकटपट्टी उलटी अंथरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्याकडे आधीच्या भाडेकरूने गॅसच्या ओट्यामागे सारलेला पुठ्ठा होता, आम्हाला माहीतच नव्हता. पिल्लू त्यावर अर्धं चिकटलेलं मिळालं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी निघते. खाद्यतेल कोमट करून बोटाने थोडं थोडं कडेने आत सोडत जायचं, डोक्यापासून सुरुवात, नाकपुड्या आणि तोंड मोकळं ठेवून. खूप वेळ लागला. माझी बहीण पुठ्ठा धरून बसलेली, हात हलवला नाही तिने. नंतर कोमट पाण्यात अगदी सौम्य साबण घालून तेल काढलं आणि तडक डॉक्टरकडे. पोटाकडचे थोडे खवले गेले, पुढच्या दोन तीन काती टाकेपर्यंत जागा खरबरीत होती, आता कळतसुद्धा नाही.

*

@दोराची आयडिया लिहिणारे दादा, खोक्यात भक्ष्य पण ठेवायचं का? माझं हॉगनोज आजच निसटलंय.

*

ठेवू शकता. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून कोमट करा, वास पसरतो. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवला आणि तोंड इतकंच ठेवलं की साप रिकाम्या पोटी आत जाईल, तर खाल्ल्यावर फुगलेल्या पोटामुळे बाहेर येता येत नाही. पण बाटली दर थोड्या वेळाने बघा, कडा कापलेली असेल तर घासून गुळगुळीत करा, आणि उंदीर रात्रभर ठेवून सडू देऊ नका. जिवंत उंदीर अजिबात नको, तोच सापाला चावतो. आणि हॉगनोज दिवसा फिरतं आणि उकरतं, त्यामुळे तुम्ही कुंड्या, गालिच्याच्या कडा आणि कपड्यांचे ढीग आधी बघा.

*

आमचा नाही सापडला. कॉर्न स्नेक होता. खिडकीची जाळी एका बाजूने सुटलेली नंतर दिसली, तिथूनच गेला असावा. शेजारच्या सगळ्यांना फोटो दाखवून सांगितलं होतं की विषारी नाही, दिसला तर मारू नका, मला बोलवा. सगळे चांगले वागले. मुलाने बऱ्याच रात्री पाण्याचं भांडं खिडकीत ठेवलं. मी लिहिणार नव्हतो पण धागाकर्तीने मुद्दाम विचारलं म्हणून लिहिलं. जाळ्या आणि खिडक्या पहिल्यांदा तपासा, एवढंच.

*

दादा, वाचून वाईट वाटलं. आशा सोडू नका असं म्हणेन कारण आमचा बॉल पायथन आम्ही गेलाच असं धरून चाललो होतो आणि कित्येक महिन्यांनी माळ्यावर अख्खी कात मिळाली. डोळ्यांवरच्या टोप्यांसकट (डोळा झाकणारे पारदर्शक खवले), ताजी, अजून मऊ. म्हणजे जिवंत आहे आणि जवळच आहे! मग माळ्यावरच खोकं आणि पाणी ठेवलं आणि आला. मोठा बॉल पायथन खाण्यावाचून महिनोन्‌महिने काढू शकतो, पाण्यावाचून नाही, म्हणून हरवल्यापासून रोज प्रत्येक खोलीत पाण्याची उथळ भांडी ठेवा. बारीक झाला होता, पाठीचा कणा वर आलेला.

*

अजून एक महत्त्वाचं राहिलंय. घरात साप दिसला म्हणजे तो तुमचाच आहे असं धरू नका. आम्ही कॉर्न स्नेक शोधत होतो आणि बाथरूममधे शेपटी दिसली, नवरा हात घालणार तेवढ्यात मी ओढलं मागे. रंग तोच वाटत होता पण खवले खरखरीत, डोकं वेगळं. बाहेरून आलेला होता. दार लावून फटीत कापड घातलं आणि साप पकडणाऱ्या माणसाला बोलावलं. आपल्या सापाचे डोक्याच्या नक्षीचे फोटो मोबाइलमधे असू द्या, घाईत रंगावर जाऊ नका. आमचा नंतर पुस्तकांच्या मागे मिळाला.

*

मिळाल्यावर काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आनंदात लगेच खायला घालतात सगळे, तेच करू नका. गारठलेल्या सापाला अन्न पचत नाही, उलटी करतो आणि त्याने अजून खंगतो. आधी त्याच्या टाकीत नेहमीच्या तापमानाला सावकाश येऊ द्या, बॉल पायथनला उबेची बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, कॉर्न स्नेकला २८-३० पुरते. हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला, असलं काही नाही. पाणी पिऊ द्या. मग उजेडात हातावर घेऊन पूर्ण अंग बघा, पोटाकडचे खवले भाजलेले किंवा लालसर, कुठे कापलंय, कातडी सुरकुतलेली, खवल्यांत गोचीड किंवा धुळीचे दोरे अडकलेत का. आमच्याच्या गळ्याभोवती केस गुंडाळलेला होता, भिंग घेतलं तेव्हा दिसला. श्वास घेताना शिट्टी वाजत असेल, नाकातोंडाशी फेस असेल किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकी सगळं ठीक असेल तर काही दिवस हात लावायचा नाही, आणि पहिलं भक्ष्य नेहमीपेक्षा एक साइज लहान.