आवाज ‘फाटतो’ आणि आवाजाचं ‘विरूपण’ होतं: दोन्ही एकच का?

प्रश्नकर्ती: एका अँप्लिफायरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. तक्त्यात ‘डिस्टॉर्शन 0.1 टक्का’ आहे. तिथे मी ‘विरूपण’ लिहिलं. बाबांनी वाचलं आणि म्हणाले, “विरूपण शूर्पणखेचं झालं होतं. आवाज फाटणं लिही की सरळ!” पण ‘आवाज 0.1 टक्का फाटतो’ असं छापलं तर तो डबा घेईल कोण? आणि मुळात हा 0.1 टक्का घरात बसून ऐकू तरी येतो का?

सोल्डरवाला: बाबांचा शब्द अस्सल आहे, फक्त तो एकाच दुखण्याचं नाव आहे. अँप्लिफायरला वीजपुरवठ्यातून जेवढे व्होल्ट मिळतात, त्यापलीकडे त्याला जाता येत नाही. आवाज वाढवत नेला की लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. कारागीर याला ‘क्लिपिंग’ म्हणतो, ऐकणारा म्हणतो ‘फाटतोय’. छाटला की फाटला, एवढं सोपं आहे ते.

घरात हे कधी होतं? साधारण स्पीकरला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर 87-90 डेसिबल आवाज मिळतो. म्हणजे दिवाणखान्यात बेताने ऐकताना सरासरी एक वॅटही लागत नाही. पण ढोलकीची थाप सरासरीच्या वर 15-20 डेसिबल उडी मारते, आणि 20 डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. त्यामुळे आधी थाप फाटते, गाणाऱ्याचा गळा मागाहून.

जुनी कॅसेट: ‘फाटणे’ आणि ‘फुटणे’ यांची गल्लत नको. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो. तार षड्जाला ताण दिला की गवयाचा आवाज फाटतो. यंत्राला कायम ‘फाटणे’च. ‘चिरका’ मात्र जन्मजात असतो, त्यात अँप्लिफायरचा दोष नाही.

प्रश्नकर्ती: पण 0.1 टक्क्याचं काय?

सोल्डरवाला: विरूपण म्हणजे मुळात नसलेले स्वर यंत्राने आवाजात मिसळणं. ही भेसळ 0.1 टक्का म्हणजे मूळ आवाजाच्या 60 डेसिबल खाली. तुम्ही 75 डेसिबलवर ऐकताय असं धरा, तर ही भेसळ 15 वर. रात्रीची शांत खोलीसुद्धा 30च्या आसपास असते, पंखा लावला तर विचारूच नका. शिवाय मोठा स्वर जवळच्या बारीक स्वराला झाकून टाकतो. आणि खर्जात स्पीकर स्वतःच एखाद टक्का भेसळ सहज करतो. तेव्हा माझं मत विचाराल तर 0.1 आणि 0.01 यांतला फरक जाहिरातीतच ऐकू येतो.

खरज-पंचम: इतकं सरसकट नको. ‘विरूपण’ शब्दावर माझा आक्षेप असा की त्यात कुरूपता गृहीत धरली आहे. यंत्र जी भेसळ करतं त्यात हार्मोनिक असतात, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे स्वर. दुसरा हार्मोनिक म्हणजे त्याच स्वराचा वरचा सा, तिसरा त्यावरचा प. तानपुऱ्याची जवारी काढतो तेव्हा तारेखाली सुताचा धागा सरकवत आपण हेच वरचे स्वर उजळत असतो! तिथे त्याला कुणी विरूपण म्हणत नाही.

खरी पंचाईत दोन स्वर एकत्र आले की होते. सा 240 हर्ट्झचा आणि प 360चा धरा. यंत्राच्या वाकडेपणातून त्यांच्या बेरजा-वजाबाक्या निघतात: 360 वजा 240 म्हणजे 120, दोनदा 360 वजा 240 म्हणजे 480. दोन्ही साच. चाललं. आता तानपुऱ्याच्या सा वर गायक भैरवातला कोमल रिषभ, 256, लावतो. दोनदा 256 वजा 240, म्हणजे 272. शुद्ध रिषभ 270चा असतो. भैरवात शुद्ध रिषभ! टक्केवारी चांगलीच वाढलेली असेल तर जाणत्या कानाला तो खटकेल, स्वर कुठेही फाटलेला नसताना.

सोल्डरवाला: हे मान्य. आणखी एक दुखणं आहे ज्याला मराठीत नाव नाही. लाटेचा वरचा अर्धा एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. बायस, म्हणजे दोघांना जरासं चालू ठेवणारा प्रवाह, नीट लावलेला नसेल तर शून्यापाशी हातबदल होताना मध्ये फट पडते. ती फट आवाज कमी केल्यावर तेवढीच राहते, म्हणून हळू ऐकताना जास्त जाणवते. फाटण्याच्या अगदी उलट. आलाप विरत जातो आणि शेवटाला पॉलिश पेपर घासल्यासारखं येतं. मी तरी त्याला ‘सांध्याची खरखर’ म्हणतो.

जुनी कॅसेट: खरखर तर जुन्या व्हॉल्यूमच्या खुंटीलाही येते, आणि ट्रान्सफॉर्मरची घूं तर वेगळीच.

सोल्डरवाला: म्हणून गाणं थांबवून बघायचं. जे उरतं ते विरूपण नव्हे. विरूपण गाण्याच्या पाठीवर बसून येतं, गाण्याबरोबरच जातं.

प्रश्नकर्ती: ठरलं. तक्त्यात ‘विरूपण 0.1 टक्का’ तसंच ठेवते, तिथे आकड्याचं काम आहे. मागच्या पानावर ‘क्लिपिंग झाल्यास लेव्हल घटवावी’ असं होतं, तिथे ‘आवाज फाटू लागला तर व्हॉल्यूम कमी करा’ केलंय. बाबांना दाखवलं. म्हणाले, “हे पुढच्या पानावर घे.”