ख्रिसमस कार्डातलं झाड मिटल्यावर बाहेर डोकावतंय, काय चुकतंय?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, यंदा मावशीला ख्रिसमसचं कार्ड हाताने करून पाठवायचं ठरवलंय, उघडलं की आतून झाड उभं राहतं ना, तसं थ्रीडी. ए४ कार्डशीट मधोमध दुमडलं, घडीच्या बाजूने आडवे काप दिले आणि पट्ट्या आत ढकलल्या, खाली मोठी आणि वर लहान लहान होत गेलेली, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं झाड. उघडल्यावर इतकं सुंदर दिसतं की लेक दहा वेळा उघडून बघत बसली. पण मिटलं की सगळ्यात खालची पट्टी कडेबाहेर येते, सेंटीमीटरभर तरी. तो काप ८ सेमीचा आहे. आणि घडीवर हिरवा रंग फुटून आतला पांढरा कागद दिसतोय, शीट ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगलंच जाड आहे. शिवाय झाडावर चांदणी हवीये, ती पण उभी राहणारी, नुसती चिकटवलेली नको. ती कशी लावतात?

कात्रीकागद:
ताई, चूक हातात नाही, मापात आहे. ए४ दुमडलं की एक पान १४.८ सेमी रुंद होतं. तुम्ही घडीपासून ८ सेमी काप दिला, म्हणजे पट्टी पानाला घडीपासून ८ सेमीवर जोडलेली राहिली, आणि तिची मधली घडी उलटी होऊन मिटताना आणखी ८ सेमी पुढे जाते. ८ आणि ८, १६. पान १४.८. उरलेलं १.२ बाहेर डोकावणारच. कापाची दुप्पट पानाच्या रुंदीपेक्षा कमी हवी, एवढंच धरून चाला. नवीन कापलंत तर खालून ७, ६, ५, ४, ३, २, १ असे घ्या, प्रत्येक पट्टी २ सेमी उंच, झाड १४ सेमीचं होईल आणि २१ सेमीच्या पानावर वर चांदणीला जागा राहील. मी तर आधी रद्दी कागदावर कापून घेते आणि पहिल्यांदा मिटवूनच बघते, उघडल्यावर सगळंच छान दिसतं हो, खोट मिटताना कळते.

केलेलं झाड टाकवत नसेल (माझ्याच्याने टाकवलं नसतं) तर मागून मोठं कव्हर लावा, ३४ × २२ सेमीचं, म्हणजे पान १७ चं होईल आणि पट्टी आत झाकली जाईल. फक्त मग तयार सी५ पाकिटात बसणार नाही, ते १६.२ × २२.९ असतं, पाकीट पण घरीच करायला लागेल.

घडीवरघडी:
घडी फुटतेय त्याबद्दल सांगतो. ३०० जीएसएम बाहेरच्या कव्हरला मस्त पण आतल्या झाडाला जाड होतं, तिथे १६० ते २०० घ्या. दुसरं म्हणजे कागदाला धार असते, त्यातले तंतू एका दिशेने जास्त असतात. शीट न दुमडता हाताने हलकेच वाकवून बघा, एकदा उभं एकदा आडवं, जिकडे पटकन वाकतं तिकडची घडी स्वच्छ येते आणि आडव्या धारेवर घातली की असंच फुटतं. आणि दुमडायच्या आधी रेघ दाबून घ्यायची, शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची फूटपट्टी, दोनदा ओढा, जोर नको, कागद कापला न जाता नुसती खाच पडली पाहिजे. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना पण ही खाच द्या, तीच लोक विसरतात आणि मग पट्टी वेडीवाकडी वाकते.

कात्रीकागद:
चांदणी राहिली. पाच टोकांची चांदणी कापा, मधून उभी दुमडा आणि डाव्या-उजव्या टोकांना अर्धा सेमीचे कान ठेवा. हे कान दोन पानांवर मधल्या घडीपासून सारख्या अंतरावर आणि सारख्या उंचीवर चिकटले पाहिजेत, एक जरी सरकला तरी कार्ड नीट मिटत नाही, ओढाताण होते. चांदणी अर्धी ४ सेमी रुंद असेल तर कान ३ सेमीवर लावा, मिटल्यावर ७ पर्यंत जाईल, आतच राहील.

सारखं अंतर मोजत बसू नका. चांदणी दुमडलेलीच ठेवा, तिची घडी कार्डाच्या घडीला समांतर आणि बाहेरच्या कडेकडे तोंड करून, एक कान डाव्या पानावर चिकटवा. मग दुसऱ्या कानावर डबल टेप लावून वरचा कागद सोलायचा, आणि कार्ड सरळ मिटवून वरून दाबायचं. उजवं पान येऊन स्वतःच बरोबर जागेवर चिकटतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते उघडमीट करत बसले होते.

निळीशाई:
काय सांगू, खूप खूप आभार! ७ चा काप देऊन नवीन केलं, मिटल्यावर कडेपासून पाऊण सेंटीमीटर आत राहतंय. चांदणी टेपनेच लावली, पाचही टोकं सरळ उभी. आता मागचं कव्हर चिकटवताना पातळ पांढऱ्या गोंदाने आतला कागद फुगतोय.

घडीवरघडी:
पाणी असलेला गोंद कागद फुगवतोच. ग्लूस्टिक किंवा डबल टेप घ्या. आणि पूर्ण पसरून नका चिकटवू, आधी एक पान चिकटवा, मग कार्ड दुमडून दुसरं, नाहीतर घडीवर चुण्या पडतात कारण बाहेरचा कागद वळणावर थोडा जास्त लागतो. झाडाच्या मागे, पट्ट्या जिथून निघाल्यात तिथे गोंद अजिबात लागता कामा नये.

रात्रवाचक:
मधेच येतोय. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ चं, लंडनचे हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून करून घेतलेलं, आणि ते सपाटच होतं. पण त्यात पाठवणाऱ्याचं आणि ज्याला पाठवायचं त्याचं नाव हाताने लिहायला जागा ठेवली होती. मजकूर कव्हर लावायच्या आधीच लिहा, झाड उभं राहिल्यावर पेन नीट टेकत नाही. शाई वाळू द्या आणि मगच मिटवा.

निळीशाई:
बरं झालं सांगितलंत, कव्हर अजून पक्कं चिकटवलं नाहीये! मावशीसाठी चार ओळी आत्ताच लिहायला बसते, खाली लेकीचं नाव तिच्याच हाताने.