प्रतिसाद: टू-डीमध्ये प्रोब एवढा उजळ कसा काय दिसतो?

तुमच्या टू-डी रनमध्ये (द्विमितीय कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये) निअर-फील्ड मायक्रोस्कोपच्या प्रोबच्या, म्हणजे धातू चढवलेल्या निमुळत्या काचेच्या फायबरच्या, टोकातून ४ टक्के प्रकाश बाहेर येतोय आणि रिसर्च पेपरवाले लाखात एखादा फोटॉन म्हणतात, तर कोड बिघडलेला नाहीये, भूमिती बिघडलीये. टू-डीत तुम्ही भोक नाही, लांबच लांब फट काढलीये, आणि फटीला आडवं विद्युत क्षेत्र असलं की त्या मोडला (प्रकाश वाहण्याच्या त्या प्रकाराला) कटऑफच, म्हणजे ज्याखाली प्रकाश पुढे जात नाही असा आकार, नसतो, फट कितीही बारीक करा, प्रकाश आपला सुळकन बाहेर. मीपण यात दोन आठवडे घालवलेत, वर गाईडला खुशीत ग्राफ दाखवून आलो होतो 😅

खऱ्या ॲल्युमिनियम चढवलेल्या फायबरमध्ये ४८८ नॅनोमीटरला काचेचा व्यास साधारण १६० नॅनोमीटरखाली गेला की शेवटचा मोडसुद्धा विझायला लागतो. आता हिशोब करा, टोक ८० नॅनोमीटरचं आणि निमुळतेपणाचा अर्धकोन ५ अंश असेल तर विझण्याचा पट्टा (व्यास १६० वरून ८० वर येईपर्यंतची लांबी) जवळपास ४६० नॅनोमीटर, तोच २० अंश केला तर ११० च, म्हणजे प्रकाश कमी विझतो, म्हणून तर कोन एवढा महत्त्वाचा, कोटिंगच्या जाडीवर उगाच डोकं फोडू नका.

फुल थ्री-डीला रॅम नसेल तर मीप या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्स घ्या, एम (अक्षाभोवती एका फेरीत क्षेत्र किती वेळा बदलतं तो आकडा) बरोबर १ ठेवा, शून्य नाही. धातूजवळ ग्रिड (हिशोबाच्या जाळीतलं अंतर) १-२ नॅनोमीटर हवाच, क्षेत्र ॲल्युमिनियममध्ये १३ नॅनोमीटरच्या आसपासच मरतं. तिरक्या भिंतीवर पायऱ्या पडून खोटे हॉटस्पॉट (क्षेत्र फार तीव्र असल्याचे ठिपके) दिसतात, ते ग्रिड अर्धा करून पाहिलं की जागा बदलतात. आणि हो, सॅम्पल वगळून नुसता प्रोब चालवू नका, १० नॅनोमीटर अंतरावर दोघांची क्षेत्रं एकमेकांत गुंतलेली असतात.