भंगार पुरेपूर वापरलं तर नव्या खाणी लागणार नाहीत का?

विज्ञानाच्या_बाई:

नमस्कार. मी सावनेर तालुक्यातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. धातूंचा धडा चालू होता, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, सगळं भंगार परत वितळवलं तर नवीन खाण खोदायची गरजच काय?" मी म्हटलं, गरज कमी होते. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कुणी ना कुणी कोळसा खाणीत, गुमगावच्या मँगनीज खाणीत किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला आहे. येता-जाता ती मुलं बसच्या खिडकीतून मातीचे डोंगर पाहतात. त्यांना पुस्तकी उत्तर देऊन चालणार नाही.

खरा फरक किती पडतो? कोळसा तर जळून जातो, मग त्याचं पुनर्वापराशी काय नातं? आणि नागपूरच्या आसपास मुलांना दाखवण्यासारखं काय आहे? या कामातल्या माणसांनी सांगितलं तर फार बरं होईल.

कळमना_स्क्रॅप:

बाई, आमचं कळमन्याला भंगाराचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मी फक्त ॲल्युमिनियमचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

लोकांना वाटतं ॲल्युमिनियम म्हणजे सगळं एकच. आमच्याकडे त्याचे ढीग वेगळे असतात. विजेची तार वेगळी, खिडक्यांचं सेक्शन वेगळं, भांडी वेगळी, गाडीच्या इंजिनाचं कास्टिंग वेगळं. तार जवळपास शुद्ध असते, कास्टिंगमध्ये सिलिकॉन घातलेलं असतं. दोन्ही एका भट्टीत गेलं की त्याची पुन्हा तार होत नाही, कास्टिंगच होते. म्हणून तारेचा भाव चढा. दुकानातला पोरगा दिवसभर कास्टिंग फोडून त्यातले लोखंडी बोल्ट आणि स्टड काढत बसतो, मग वरून चुंबक फिरवतो. एक बोल्ट राहिला तरी भट्टीवाला पूर्ण गोणीवर कटती लावतो, कारण ॲल्युमिनियममध्ये एकदा विरघळलेलं लोखंड बाहेर काढणं फार अवघड.

फायदा मात्र मोठा आहे. एक टन नव्या ॲल्युमिनियमला चार-पाच टन बॉक्साइट लागतं आणि नुसत्या भट्टीला १३ ते १५ हजार युनिट वीज. भंगारापासून केलं तर त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत काम होते. हे मुलांना पटवायचं असेल तर आमच्या दुकानात आणा, चुंबक त्यांच्या हातात देतो. अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. शाळेचं पत्र देऊन तिथेही विचारून पाहा न.

कन्हानकाठचा_सर्व्हेअर:

ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर जरा लांबणार आहे. कामठी ते सावनेर पट्ट्यातल्या कोळसा खाणींच्या सर्व्हे विभागात माझी नोकरी झाली. ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची माती-दगड) किती उचलली, तिचा डम्प म्हणजे ढीग किती चढला, हे मोजण्यात आयुष्य गेलं.

भंगाराने खाणी बंद होणार नाहीत, निदान या मुलांच्या तरुणपणात तरी नाही. पोलाद इमारतीत, पुलात, रुळात गेलं की तीस-चाळीस वर्षं तिथेच अडकतं. म्हणजे आज भंगारात येणाऱ्या जड मालाचा मोठा भाग १९८५च्या आसपासचा. त्या काळी देशात वर्षाला दीड कोटी टनांहूनही कमी पोलाद बनायचं. २०२३ साली ते १४ कोटी टनांवर गेलं. तेव्हाच्या दीडात आजचे चौदा भागत नाहीत, उरलेलं जमिनीतूनच येतं. पण हीच मुलं पन्नाशीला येतील तेव्हा आजचे पूल, टॉवर, मेट्रोचे डबे भंगारात निघायला लागतील, आणि तेव्हा हिशोब बराच बदललेला असेल. टनभर पोलादी भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा (पोलादाच्या भट्टीसाठी लागणारा खास कोळसा) वाचतो. केंद्राच्या २०१९च्या पोलाद भंगार धोरणात हे आकडे दिले आहेत, वर्गात फळ्यावर मांडता येतील.

कळमन्याच्या भाऊंनी ढीग वेगळे ठेवण्याचं सांगितलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ती गोष्ट भंगाराच्या दुकानात नाही, खाणीच्या तोंडावरच सुरू व्हायला हवी.

खुली खाण उघडताना सगळ्यात वर काळी माती लागते. तिच्याखाली मुरूम, नदीकाठाला वाळूचा थर, मग कामठीचा वालुकाश्म आणि त्याच्याही खाली कोळसा. काळी माती वेगळी काढून वेगळी रचायची अशी अट असते. पण डम्परच्या खेपा पुऱ्या करायची घाई असली की काळी माती आणि दगड एकाच डम्पवर रिकामे होतात. असा डम्प मी जवळून पाहिला आहे. पहिल्याच पावसाळ्यात माती दगडांच्या फटीतून आत उतरते, वर उरतात फक्त खडक, आणि त्यांच्यात हात घातला तर बोटाला माती लागत नाही. मग झाडं लावायला बाहेरून माती आणायची, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी शेत खरवडायचं. याचा मला आजही राग येतो. शेतीतल्या काळ्या मातीचा एक थर बसायला किती पिढ्या जातात, आणि ती घालवायला एक पाळी पुरते. वेगळी ठेवलेली मातीसुद्धा उंच रचायची नसते, आत हवा पोचत नाही आणि मातीतले जीव मरतात. बुटके, पसरट ढीग करून त्यावर गवत आणि डाळवर्गीय पीक घ्यायचं.

वाळूचंही तेच. ओबीत वाळू असते, पण ती दगडमातीत मिसळून पुरली गेली की संपली. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स, इथली सरकारी कोळसा कंपनी) २०१६-१७च्या सुमारास भानेगावला ओबीतून वाळू वेगळी काढायला सुरुवात केली, पुढे गोंडेगावला मोठा प्रकल्प उभा राहिला. ही वाळू नागपूर सुधार प्रन्यासच्या पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांना गेली. कन्हानचं पात्र उपशाने कसं पोखरलं गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा खाणीच्या टाकाऊ ढिगातून निघणारी प्रत्येक ब्रास वाळू मला मोलाची वाटते.

आता कोळसा. तो जळतो आणि परत येत नाही, हे मुलांना स्पष्टच सांगा. कोळशाच्या बाबतीत चक्र पूर्ण होतं असं कुणी म्हटलं तर मानू नका. पण आपल्याकडच्या कोळशात साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के राख असते, ती उरते. इथेही वेगळं ठेवण्याचाच मुद्दा. धुरातून पकडलेली उडती राख कोरडी सायलोत (बंद उंच टाकीत) साठवली तर सिमेंटवाले बल्कर म्हणजे टाकीचे ट्रक लावून घेऊन जातात, पोझोलाना म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते. तीच राख पाण्यात कालवून तळ्यात सोडली, तळाच्या जाड राखेत मिसळली, की तिची किंमत घसरते आणि मग ती बहुतेक भरावालाच जाते. ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर सगळी राख वापरात आणायचं बंधन आलं आहे. वापर कुठला, सिमेंट की खड्डा, हे मात्र विचारत राहावं लागेल.

पाण्याची दोन उदाहरणं मुलांना आवडतील. पाटणसावंगीला खाणीतून उपसलेलं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं गेलं, ते तुमच्या रस्त्यावरच आहे. आणि भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं.

उमरेडकडचा:

काका, तुमचं सगळं खरं असेल, पण आम्ही ढिगाऱ्याच्या बुडाशी राहून राहिलो. पावसाळ्यात त्यावरचा गाळ वाहून शेतात येते, उन्हाळ्यात धूळ कपाशीवर बसते. एक वाळूचा प्रकल्प दाखवून कंपन्या फोटो काढतात आणि बाकीचे डम्प तसेच. शाश्वत खाणकाम म्हणते सगळे. आमच्या धुऱ्यावर ते कधी येईल, ते सांगा. आणि रिकाम्या खाणीत राख भरायच्या गोष्टी चालल्या आहेत, आमच्या विहिरीचं काय?

विज्ञानाच्या_बाई:

भाऊ, तुमचाही मुद्दा मुलांपुढे ठेवणार आहे, तो टाळून हा विषय शिकवणं बरोबर नाही. कुणी मँगनीजबद्दल सांगाल का? माझ्या वर्गात गुमगाव-खाप्याकडची मुलं आहेत, ती हमखास विचारतील.

हिंगणा_फाउंड्री:

मँगनीजवर मी बोलतो, आमची हिंगणा एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. मँगनीजचा बहुतेक वापर पोलादात होतो. साध्या सळईत ते एक टक्क्याच्या आसपास असतं, आणि असं भंगार भट्टीत वितळलं की त्यातलं बरंच मँगनीज जळून भट्टीच्या मळीत (स्लॅगमध्ये) जातं. ते परत मिळवायला कुणी जात नाही. पण गिट्टीच्या क्रशरची जॉ प्लेट, म्हणजे दगड चिरडणारा जाड जबडा, पाहा. तिच्यात ११ ते १४ टक्के मँगनीज असतं. पाचगावकडच्या क्रशरांवरून झिजलेल्या प्लेटा आमच्याकडे येतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्लेट गंजलेली असते, म्हणजे स्टेनलेस नाही, आणि तरी चुंबक धरत नाही. असा माल आम्ही बाजूला ठेवतो आणि त्याच्याच नव्या प्लेटा ओततो, वरून थोडंच फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) घालावं लागतं. तीच प्लेट सळईच्या भंगारात गेली तर सगळं मँगनीज वाया.

दुसरं म्हणजे पेन्सिल सेल. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या धंद्यात जातं. सेल फोडल्यावर दिसते ती काळी भुकटी म्हणजे तेच, भोवती जस्त. (मुलांना फोडायला लावू नका, चित्र दाखवा.) रिमोटमधला सेल ओल्या कचऱ्यात गेला की पुढे सगळंच भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात. बॅटरी कचऱ्याचे २०२२चे नियम आहेत, वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि आपण त्या घरच्या कचऱ्यात मिसळू नयेत असंही त्यात आहे. शाळेत एक खोका ठेवा, भरला की नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या.

कन्हानकाठचा_सर्व्हेअर:

उमरेडच्या भाऊंना आधी उत्तर देतो. तुमची तक्रार रास्त आहे. राख खाणीत भरण्याबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. राखेतले जड धातू पाण्यात उतरू शकतात. खालचा थर कसा आहे, भूजल किती वर आहे हे न तपासता भरली तर त्याला पुनर्वापर म्हणू नये, ती राख लपवणं झालं. भराव सुरू व्हायच्या आधी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तपासून त्याची नोंद ग्रामपंचायतीत असली पाहिजे. आधीची नोंद नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

एक हत्यार तुमच्या हातात आहे. प्रत्येक खाणीला पर्यावरण मंजुरी अटींसह मिळते, आणि त्या पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. काळी माती कुठे ठेवली, डम्पभोवती गारलँड ड्रेन (पाणी अडवणारी चारी) आणि गाळ बसायचं तळं केलं का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तो अहवाल छापून घ्या आणि डम्पपाशी उभं राहून ओळीने ताडून पाहा. जिथे जुळणार नाही तिथला फोटो तारखेसह प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. शेतात गाळ येतो म्हणजे बहुधा ती चारी बुजली आहे किंवा नाहीच.

आणि डम्प सुधारतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गुमगावच्याच मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची प्रेसमड आणि मुळांशी नत्र धरणारे जिवाणू, बुरशी वापरून झाडं जगवली. एका कारखान्याची टाकाऊ मळी दुसऱ्या उद्योगाच्या उजाड ढिगाला खत झाली. गुमगावच्या मुलांना हे आधी सांगा, ताई, त्यांच्या दारातलं काम आहे आणि बाहेरच्या लोकांनी त्याची नोंद घेतली आहे.

सहलीसाठी एक सुचवतो. खाणीच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि डम्पवर मुलांना अजिबात चढू देऊ नका. पण डम्पचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट मंजुरीपत्रांत सहसा असते, आणि तो बाहेरून रस्त्यावर उभं राहून मोजता येतो. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या मध्यावर दोरा, दोऱ्याला एक नट. कोनमापकाची सरळ कड डम्पच्या उताराशी समांतर धरायची आणि दोरा नव्वदपासून किती सरकला ते वाचायचं. मात्र डम्पच्या कडेच्या बाजूने पाहायचं, समोरून नाही, नाहीतर खरा कोन दिसत नाही. चार-पाच मुलांची मापं घेऊन सरासरी काढा. २८च्या वर येत असेल तर मला इथे कळवा, त्या खाणीची मंजुरी कशी वाचायची ते मी ओळीने सांगतो.