मदत हवी आहे: ऊसतोडीला निघालेल्या घरातली कुत्री पट्टा पडेपर्यंत (ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत) कुणी सांभाळेल का?

नमस्कार मंडळी,

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांचे ट्रॅक्टर उभे राहायला लागतात आणि दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप. यंदा त्यात एक कुत्री अडकली आहे.

माझ्या वर्गातल्या, पाचवीतल्या एका पोराच्या घरची. आईबापाचा एक कोयता आहे, म्हणजे दोघं जोडीनं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतली ती बहिणीच्या लग्नात संपली, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नाही. दरवर्षी आजी मागे राहायची, नातवाला आणि चांदीला, म्हणजे या कुत्रीला, तीच भाकरी घालायची. आजी श्रावणात गेली. मुकादम कुत्रं ट्रॉलीत घेऊ देत नाही, मागे कुणाच्या तरी कुत्र्यानं कोप्यांजवळ (मजुरांच्या झोपड्यांजवळ) शेळी धरली होती म्हणे. पोराची हंगामी वसतिगृहात (ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी असतं ते) सोय होतेय, पण त्याचं म्हणणं, "मॅडम, जेवतो तिथं, झोपायला मात्र घरी जातो, चांदीपाशी." दहा वर्षांचं लेकरू बंद घराच्या ओसरीवर एकटं झोपणार! बाप म्हणतो, मग चल आमच्यासोबत उसाच्या फडावर. म्हणजे शाळा गेली.

एका निवारा केंद्राला फोन केला. म्हणाले, घेऊ, पण हक्क सोडल्याची सही द्या, परत मिळणार नाही. त्यांचीही अडचण समजते, रोज कुणी ना कुणी पिल्लं आणून टाकतं. पण इथे कुणाला कुत्री टाकायचीच नाहीये.

मी भाड्याच्या खोलीत राहते, घरमालक ऐकत नाही.

चांदी तीनेक वर्षांची गावठी, पांढरी, एक कान तपकिरी. कानांच्या कडा आणि कोपरं खरजेनं उघडी पडलीत. बापानं गाडीचं जळकं ऑइल चोपडलं होतं, मी तावातावानं बोलले. नंतर कळलं, तो मजुरी बुडवून दोनदा दवाखान्यात जाऊन आला होता, डॉक्टर फिरतीवर. मग माझंच मला वाईट वाटलं.

तर अंबाजोगाई, केज, माजलगाव भागात मार्च-एप्रिलपर्यंत कुणी ठेवून घेईल का? खाण्याचं मी देईन. आणि खरूज, लस, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन यातलं आधी काय करू?

प्रतिसाद १
ज्यांना झेपत नाही त्यांनी पाळूच नये. कायद्याने गुन्हा आहे हा.

प्रतिसाद २
१९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातलं कलम ११ म्हणताय ना? त्यातला सोडून देण्याचा गुन्हा विनाकारण वाऱ्यावर सोडणाऱ्यासाठी आहे. हा माणूस जायच्या आधी सोय शोधतोय.

प्रतिसाद ३ (परभणीकर)
ताई, आधी खरूज. ऑइल बंद, चाटलं की पोटात जातं. मेडिकलवाला गुरांचं आयव्हरमेक्टिन हातात ठेवेल, ते अंदाजानं टोचू नका, डोस वजनावर असतो. खरूज माणसालाही लागते, तेव्हा पोराला मांडीवर घेऊ देऊ नका आणि जिथे ठेवाल तिथल्या कुत्र्यांपासून सुरुवातीला लांब बांधा.
रेबीजची लस झालेली नसेल तर लगेच द्या, पुढे वर्षाला एक. कार्डावर मालक म्हणून बापाचंच नाव घाला, हे विसरू नका. उद्या कुणी "आमचीच आहे" म्हणालं तर तोच कागद कामाला येतो. ऑपरेशन कातडी सुधारल्यावर, आणि ती माजावर नसताना. टाके सुकेपर्यंत दहा-बारा दिवस कोरडी जागा हवी. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून वार विचारा, मगच गाडी काढा.

प्रतिसाद ४ (अंबाजोगाई)
माझ्या शेतात गोठा आहे, सालगडी कायम असतो. मी ठेवतो. दोन अटी: लस होऊन यावी, आणि बापानं माझ्याशी एकदा फोनवर बोलावं, मुकादमानं नाही. भाकरी-ताक आमच्याकडे मुबलक आहे, तुमचे पैसे औषधाला ठेवा. काय खाते ते सांगा. उरलेलं पिठलं वगैरे घालत असाल तर बंद करा, कांदा कुत्र्याला बाधतो.

धागाकर्ती
दादा, काय बोलू! बाप संध्याकाळी सातनंतर फोन करेल, त्याच्याकडे रिचार्ज नाही, माझ्या नंबरावरून येईल. लस परवा शुक्रवारी, डॉक्टर थांबतो म्हणालेत, खरूजही तेव्हाच दाखवते. ज्वारीच्या कण्या शिजवून दिल्या की आवडीनं खाते. पिठल्याचं मला माहीतच नव्हतं, आजी रोज घालायची.
ट्रॅक्टर सोमवारी आहे, रविवारी सकाळी आणू का? तिला साखळीची सवय नाही, पहिल्या रात्री ओरडेल. पोरगं सोबत येणार आहे. तिचं जर्मनचं भगुलं त्यानं आत्ताच घासून पिशवीत भरून ठेवलंय.